मुक्कामी गाडी

डोंगरातल्या कच्च्या रस्त्याच्या कडेला गाडी उभी आहे. अंधार पडत आलाय. शेजारी सतरंजी पसरलीय, कुणीतरी स्टोव्हवर पिठलं ढवळतंय, पोरं दगड गोळा करतायत आणि चार पुरुष बॉनेट उघडून आत टॉर्च मारतायत. हे दृश्य पूर्वी दिसलं की येणारेजाणारे थांबून विचारायचे, "काय झालं हो? काही मदत?" हल्ली त्याच दृश्यासाठी माणसं सहा-सहा महिने आधी ग्रुप काढतात, पैसे साठवतात, आणि वाटेत कुणी थांबून मदत विचारली तर त्यांना अपमान वाटतो.

आमचाही असा एक ग्रुप आहे. नाव 'स्पिती फायनल'. त्याआधी 'स्पिती' होता आणि 'स्पिती नवीन' होता. पहिल्या ग्रुपात एकाचे साडू शिरले होते. त्यांना न दुखावता काढायचं कसं ते कुणाला सुचेना, तेव्हा त्यांना तिथेच ठेवून बाकी सगळे नव्या ग्रुपात गेलो. आठवड्याभरात साडूंना त्यांच्या मेहुणीनं नव्या ग्रुपात आणलं. आता ते 'फायनल'मध्येही आहेत आणि मार्गाचं सगळं काम त्यांच्याकडेच आहे, कारण कागदावरचा नकाशा वाचता येणारा दुसरा माणूस ग्रुपात नाही.

गाड्या म्हणाल तर दोन थार, एक जिम्नी, एक जुनी डस्टर आणि एक इनोव्हा. इनोव्हा फोर बाय फोर नाही, त्यामुळे तिच्या मालकांना मीटिंगमध्ये बोलायचा अधिकार नाही. पण मीटिंगमधला प्रत्येक प्रश्न शेवटी "ते इनोव्हात टाकू" असाच सुटतो. खुर्च्या इनोव्हात, शेगडी इनोव्हात, पाण्याचे कॅन इनोव्हात. थारवाल्यांच्या सासूबाई तर पहिल्या दिवसापासून इनोव्हात आहेत. थारच्या मागच्या सीटवर चढून बसायला जी लवचीकता लागते, ती त्यांच्यात असती तर त्या जावयाबरोबर कशाला, नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीबरोबरच गेल्या असत्या.

स्पितीच का, याला कारण आहे. लडाखला आता कुणीही जातं. हे वाक्य आमच्यातल्या सगळ्यांनी उच्चारलं, आणि लडाख त्यातल्या एकानंही पाहिलेलं नाही. पुण्याहून सिमला साधारण अठराशे किलोमीटर. म्हणजे चांगल्या रस्त्यावरून तीन दिवस सलग गाडी हाणायची, तेव्हा कुठे खराब रस्ता सुरू होतो. "खराब रस्त्यासाठी एवढ्या लांब?" असं बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी एकदा विचारलं, आणि खिडकीतून आमच्याच गल्लीकडे बोट दाखवलं. त्यांना सांगण्यात आलं, की तो खड्डा आणि हिमालयातला खड्डा यांत फरक आहे. काय फरक आहे, ते अजून ठरायचंय.

मग आला मार्गाचा प्रश्न. स्पितीला शिरायला दोन वाटा. एक सिमल्याकडून रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो करत सतलज आणि मग स्पिती नदीच्या काठाकाठानं काझाला जाते. दुसरी मनालीकडून, ग्राम्फू, बातल करत कुंझुम खिंडीतून. सिमल्याची वाट हळूहळू चढते, शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळ देते. मनालीची वाट दोन हजार मीटरवरून एका दिवसात साडेचार हजारांवर नेऊन ठेवते, आणि डोकं धरून बसवते. तेव्हा जाताना सिमला आणि येताना मनाली, हे कुठल्याही डॉक्टरानं दोन मिनिटांत सांगितलं असतं. आमच्याकडे यावर तीन बैठका झाल्या. उलट जायचा आग्रह वहिनींचा होता. कुलूच्या शाली जातानाच घेतल्या तर पुढे थंडीत वापरता येतील, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यातली चूक अजूनपर्यंत कुणाला काढता आलेली नाही. विरळ हवेवर तोडगा म्हणून कुणीतरी कापराच्या पुड्या आणल्या. डायमॉक्सच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्यायच्या आहेत. कापूर कुणालाच विचारावा लागत नाही, म्हणून त्याच्यावर विश्वास जास्त.

सामानाची यादी एक्सेलमध्ये आहे. ती ज्यांनी केली ते आयटीत आहेत, त्यामुळे यादीत पिवळ्या, हिरव्या आणि लाल रंगाच्या ओळी आहेत आणि लाल म्हणजे काय हे फक्त त्यांनाच माहीत आहे. टायरमध्ये हवा भरायचा पंप, जंपर केबल, पंक्चरचं किट, ओढायचा पट्टा, जेरीकॅन. यातलं जेरीकॅन खरोखर लागतं. काझाचा पंप सोडला की पुढे थेट मनालीच्या बाजूलाच इंधन. वॉकीटॉकीही आले. कमी ताकदीचे वॉकीटॉकी ठरावीक पट्ट्यात वापरायला आता परवाना लागत नाही. सॅटेलाइट फोन मात्र परवानगीशिवाय जवळ बाळगला तर पोलीस चौकीत मुक्काम करावा लागतो, हे वेळीच कळलं ते बरं झालं. एका थारवाल्यांनी पुढे जाडजूड लोखंडी क्रॅश गार्ड बसवला होता. डिसेंबर 2017 मध्येच केंद्र सरकारनं तो बेकायदा ठरवलाय असं साडूंनी परिपत्रकासह दाखवलं. गार्ड उतरला, पण साडूंशी दोन्ही थारवाल्यांचं बोलणं सध्या वॉकीटॉकीवरूनच होतं.

आणि नारिंगी फळ्या. वाळूत किंवा चिखलात चाक रुतलं की चाकाखाली सारायच्या, दातेरी, चांगल्या हातभर लांब आणि किमतीला घोड्याएवढ्या. त्या ज्यांच्याकडे ठेवायला दिल्या, त्यांच्या गॅलरीत उन्हाळ्यात या फळ्यांवर कुरडया वाळत घातल्या होत्या. खालून हवा लागते, चिकटत नाहीत, दातांमुळे सरकत नाहीत. ग्रुपच्या सगळ्या खरेदीत आजवर वापरात आलेली ही एकच वस्तू.

कॉन्ट्रीवरून वाद व्हायचाच. डिझेल गाडीमागे धरायचं की माणशी, हा जुना प्रश्न. नवा प्रश्न विंचचा. दुसऱ्या थारला पुढे विजेवर चालणारी विंच बसवलीय. मालकांचं म्हणणं, ती सगळ्यांना वाचवणार, तेव्हा सगळ्यांनी पैसे द्यावेत. बाकीच्यांचं म्हणणं, वाचवेल तेव्हा देऊ. अखेर अर्धे पैसे आगाऊ आणि अर्धे ओढल्यावर, असं ठरलं. फ्लॅट घेताना आम्ही बिल्डरशी इतक्या नेटानं बोललो असतो तर पार्किंग फुकट मिळालं असतं.

खाण्यावर मात्र आमच्याइतका सखोल अभ्यास कुणी केला नसेल. चार हजार दोनशे मीटरच्या उंचीवर पाणी 86 अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. पाणी खळखळतं, वाफ येते, पण डाळ तशीच दाताखाली येते. म्हणून कुकर हवा. कुकर कुणाचा, यावर दोन दिवस गेले, कारण ज्यांचा मोठा आहे त्यांची शिट्टी हरवलीय. कॅम्पिंगच्या छोट्या स्टोव्हचे गॅसचे डबे मिळतात, त्यांत साधा ब्युटेन असेल तर शून्याच्या खाली तो वायूच होत नाही. डबा भरलेला असतो आणि ज्योत मरतुकडी. उपाय एकच, रात्री डबा आपल्या झोपायच्या पिशवीत घेऊन निजायचं. हे कळल्यावर एका वहिनींनी नवऱ्याकडे पाहून विचारलं, "म्हणजे पिशवीत मी, तुम्ही की डबा?" पोह्यांना शिजायचं वावडं नाही, ते भिजले की झाले, म्हणून पोह्यांचा दर्जा एकाएकी वाढला. चिवडा, मेतकूट, थालिपीठाची भाजणी, कोकमाचं आगळ, सुकी चटणी. आगळ इतक्या थंडीत कशाला, असं विचारणाऱ्याला पित्ताचा त्रास नसावा. स्पितीत थुक्पा आणि मोमो मिळतात, बातलला चाचा-चाचींच्या ढाब्यावर गरम राजमा-भात मिळतो, हे साडूंनी सांगून पाहिलं. त्यावर, "मिळेल हो, पण आपलं आपल्याजवळ असावं," असं उत्तर आलं आणि इनोव्हात आणखी एक डबा गेला.

पुरुष मंडळी स्नॉर्कल, डिफ लॉक असले शब्द उच्चारत असताना बायकांनी एकच प्रश्न लावून धरला होता: सकाळचं काय? त्यावर 'पॉप-अप' संडासाचा तंबू मागवला. चपटी गोल पिशवी, चेन उघडून हवेत फेकली की क्षणात उंच, अरुंद तंबू उभा राहतो. पार्किंगमध्ये फेकला. राहिला उभा. टाळ्या झाल्या. मग तो परत पिशवीत घालायची वेळ आली.

आत पोलादी तारेची कडी असते. ती आठाच्या आकारात पिळून एकावर एक बसवायची, असं सोबतच्या चित्रात दाखवलं होतं. चित्रातला माणूस हसत होता. एका स्ट्रक्चरल इंजिनिअरनं पहिला प्रयत्न केला. कडी सुटली आणि त्याचा चष्मा जिम्नीखाली गेला. दुसऱ्यानं व्हिडिओ लावला. तिसरे तंबूच्या आत अडकले आणि आतून सूचना देऊ लागले. रविवारची सकाळ होती, सगळ्या गॅलऱ्या भरल्या. शेवटी कोपऱ्यातल्या टेबलावर साड्यांना इस्त्री करणारे काका उठले. त्यांनी इस्त्री तिच्या लोखंडी तिवईवर टेकवली, हात पुसले, तंबूचे दोन काठ जुळवले, वरचं टोक खाली आणून मनगटाला एक पीळ दिला आणि चकती करून पिशवीची चेन लावली. उभ्या आयुष्यात नऊवारीपासून कांजीवरमपर्यंत सगळं घडी घातलेल्या माणसाला ती तार काय दाद देणार? पिशवी परत देताना त्यांनी विचारलं,

"साहेब, आहे काय हे?"

"संडास."

त्यांनी पिशवी उचलून वजन पाहिलं. "आत बसणार कोण ते कळलं. वाऱ्यात बाहेरून धरणार कोण?"

एक्सेलमध्ये नवी लाल ओळ वाढली. (पाण्यापासून साठ-सत्तर मीटर लांब जाऊन वीतभर खड्डा करायचा आणि नंतर तो बुजवायचा, एवढं जमलं तर तंबू नसला तरी निभावतं, हे माझं वैयक्तिक मत. ते विचारात घेतलं गेलं नाही.)

एवढी तयारी झाल्यावर रंगीत तालीम हवीच. वेल्ह्याच्या पलीकडे, डोंगरातल्या अगदी शेवटच्या गावात, एका शेतकऱ्याला विचारून आणि त्याला पैसे देऊन त्याच्या भाताच्या मोकळ्या खाचरात रात्र काढायची ठरली. गावाच्या अलीकडचा घाट उखणलेला होता. थारवाल्यांनी थांबून, खाली उतरून, रस्त्याकडे कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहिलं. मग फोर लो टाकला. वॉकीटॉकीवर आवाज आला, "सगळ्यांनी लाइन सांभाळा. डाव्या बाजूचा दगड बघा. ओव्हर." इनोव्हाला मागेच थांबायला सांगितलं होतं. ताफा मुंगीच्या पावलांनी चढू लागला, आणि मागून हॉर्न वाजला.

एसटी. तीच आपली लाल, एका बाजूला कललेली, टपावर कोंबड्यांची डालगी. आम्ही चारही गाड्या कडेला घेतल्या. ती वरच्या वळणावर न थबकता गेली. खिडकीतून एका आजीनं आमच्याकडे पाहून पदर तोंडाला लावला. तो धुळीसाठी लावला असं आम्ही ठरवलं. तिच्यामागोमाग इनोव्हाही निघून गेली.

ती मुक्कामी गाडी होती. ज्यांनी खेड्यात दिवस काढलेत त्यांना सांगायला नको. संध्याकाळी शेवटच्या गावात पोचायचं, रात्र तिथेच काढायची आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघायचं. 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. तेव्हापासून ड्रायव्हर-कंडक्टरांच्या किती पिढ्यांनी असे मुक्काम केले असतील. ड्रायव्हरमामांनी गाडी देवळापुढे वळवून उताराला तोंड करून लावली, म्हणजे सकाळी सेल्फ नाही लागला तरी धक्क्यावर सुरू होते. चाकाला दगड लावले. कंडक्टरांनी दिवसाचा हिशोब जुळवला. एका घरून भाकरी आणि कालवण आलं. जेवून दोघांनी वळकट्या सोडल्या, दांड्यांना मच्छरदाणी बांधली आणि दोन सीटांच्या मधल्या वाटेत आडवे झाले. इतकं सगळं व्हायला अर्धा तास लागला असेल. तोवर आमचा पहिला तंबू उलटा उभा राहिला होता आणि घोरणाऱ्यांचे तंबू वाऱ्याच्या कुठल्या दिशेला लावायचे, यावर चर्चा चालू होती.

दात घासता घासता ड्रायव्हरमामा आमच्याकडे आले ते पहाटे, उजाडायच्या आधी. आम्ही थंडीनं जागेच होतो.

"साहेब, गाडी बंद पडली का?"

नाही, मुद्दामच राहिलोय, असं सांगितलं. त्यांनी ते मोठ्या मनानं ऐकून घेतलं. मग विंचकडे बोट केलं. "हे पुढे काय लावलंय?"

विंचचे मालक खुलले. गाडी अडकली की ही वायररोप झाडाला बांधायची, बटण दाबायचं, गाडी आपली आपण बाहेर येते.

"चाललात कुठं?"

"स्पिती. हिमालयात."

"तिकडं झाडं हायेत?"

साडूंनी घसा साफ केला. स्पिती शीत वाळवंट आहे. गावाजवळचे विलो आणि पॉपलर सोडले तर मैलोन्मैल नुसता मुरूम आणि आकाश. हे साडूंना माहीत होतं, पण त्यांचं बोलणं वॉकीटॉकीपुरतंच उरलं होतं ना.

"मामा, तुमची गाडी अडकली तर तुम्ही काय करता?"

"पॅसेंजर उतरवतो," मामांनी चूळ भरली. "वजन कमी होतं. आन तेच ढकलत्यात."

सहा वाजता एसटी सुटली. दुधाच्या किटल्या, कॉलेजच्या पोरी, आजारी नातवाला घेऊन निघालेले एक आजोबा, कुणाची तरी दोन पोती. सहा म्हणजे सहालाच. आम्ही तिथून पावणेअकराला हललो.

हे पावणेअकरा फार महागात पडणार आहेत. बातल ते ग्राम्फू या टप्प्यात बर्फाच्या पाण्याचे नाले थेट रस्त्यावरून वाहतात. रात्रीच्या थंडीत बर्फ वितळत नाही, म्हणून सकाळी पाणी घोट्याएवढं. ऊन चढलं की दुपारी तेच पाणी चाक बुडवतं आणि खालचे दगड जागा बदलतात. म्हणजे नाला सकाळी लवकर ओलांडायला हवा. त्यासाठी सहाला निघायला हवं. त्यासाठी बँकेतल्या काकांना पाचला चहा हवा, चहानंतर कोमट पाणी हवं, मग थोडं चालायला हवं, आणि त्यानंतर निसर्गानं साथ द्यायला हवी. दोन थार, एक जिम्नी, विंच, नारिंगी फळ्या, एवढ्या सगळ्याचा मुहूर्त आता एका माणसाच्या पोटावर आहे. काकांना याची कल्पना दिलीय. तेव्हापासून त्यांना आणखीनच वेळ लागतोय.

तालमीनंतरच्या बैठकीत काही ठराव झाले. ज्यांनी जिम्नीच्या टपावर घडीचा तंबू बसवून घेतलाय, त्यांचं स्वप्न चंद्रतालच्या काठावर टपावर झोपून तारे बघायचं होतं. त्या काठावर मुक्कामाला बंदी आहे, तळं 2005 पासून रामसर यादीत आहे, कॅम्प काही किलोमीटर अलीकडे ठरवून दिलेल्या जागी लागतात. तेव्हा टपावरचा तंबू कॅम्पच्या आवारात उघडायचा, आणि तारे दोन्हीकडून सारखेच दिसतात असं त्यांना सगळ्यांनी मिळून समजवायचं. विंच ठेवायची, कारण अर्धे पैसे भरून झालेत. संडासाचा तंबू न्यायचा, पण एकदाच उघडायचा आणि परत येईपर्यंत इनोव्हाच्या टपावर तसाच बांधून ठेवायचा. इस्त्रीवाल्या काकांना बरोबर येता का म्हणून विचारलं होतं. ते म्हणाले, लग्नसराई आहे.

आयटीवाल्यांनी एक्सेलमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे नवा रकाना घातलाय: 'ढकलणार का?' उत्तरं तीन. हो, नाही आणि गुडघे. आत्तापर्यंत 'हो' दोघेच आहेत, आणि त्यातले एक साडू.

जूनच्या अखेरीस कुंझुम उघडी असेल तर निघतोय. इनोव्हात एक जागा रिकामी आहे. विंच, फळ्या, स्टोव्ह, वॉकीटॉकी काहीही आणू नका. गुडघे चांगले असणाऱ्यांनी कळवावं, त्यांना कॉन्ट्रीत सवलत आहे.